मुकी डिस्क आणि भाच्याचं लग्न

मे महिन्यातला दुसरा रविवार. काम एकच: कूलरमध्ये पाणी भरून तो चालू करणे. एवढ्याशा कामात भाच्याचं लागलेलं लग्न पुसता येतं, हे मी सिद्ध केलं आहे.

आमच्या ह्यांनी घरात ‘सर्व्हर’ मांडलाय. म्हणजे टीव्हीखालचा डब्याएवढा कॉम्प्युटर, पंखासुद्धा नसलेला. त्यात अख्ख्या खानदानाचे फोटो. (कोणी मागितलं होतं?) जुनी हार्ड डिस्क चालू असली की पिठाच्या गिरणीसारखी घरघरायची. घरघर म्हणजे काम सुरू, शांत म्हणजे बंद. सरळ हिशेब! त्या सकाळी ह्यांनी ती काढून एसएसडी नावाची नवी डिस्क बसवली आणि भाच्याच्या लग्नाचे फोटो पेन ड्राइव्हमधून त्यात हलवायला लावले. संध्याकाळी भाच्याची आई, म्हणजे मोठ्या नणंदबाई सुषमाताई, कोराडीहून येणार होत्या, अल्बमसाठी फोटो निवडायला. फोटोग्राफरनं त्याच्याकडचे केव्हाच पुसले होते.

“हलवता कशाला? कॉपी करा ना!” मी म्हटलं.

“काहून? दोन-दोन जागी कचरा कायले?” एवढं बोलून हे आंघोळीला गेले.

मी कूलर भरला. हॉलमध्ये टीव्ही सोडला तर प्लगची जागा एकच, आणि तिथे सर्व्हर. सर्व्हरला कान लावला. चिडीचूप! हिरवा दिवा होता म्हणे. पण आमच्या घरात इन्व्हर्टरलाही हिरवा दिवा आहे आणि तो लागलेला असतानाच अंधार होतो. मी प्लग उपटला, कूलरचा खोचला.

हे टॉवेलवरच धावले. “काहून काढला वं प्लग? फोटो सरकून राहिले होते!”

“आवाज कुठे होता?”

“एसएसडीत काही फिरतच नाही! तिले आवाज नसते!”

“मग मला आधी सांगायला तोंड नव्हतं? काम करणाऱ्यानं आवाज करावा! मी स्वयंपाक करते तर भांडी वाजतात की नाही? या घरात बिनआवाजाचं फक्त झोपणं चालतं, तेही तुमचं नाही!”

घोरण्याचा विषय निघताच हे प्लग परत खोचून फोटो मोजायला बसले. फोटो मात्र अर्धेच वाचले. बाकीचे पेन ड्राइव्हमधून निघाले होते, पण डिस्कवर पोचलेच नव्हते; ना इकडे, ना तिकडे.

संध्याकाळी सुषमाताई टीव्हीसमोर बसल्या. पहिला फोटो: पाणीपुरी खाताना मी. दुसरा: आ वासलेली मी. तिसरा: पुन्हा प्लेट पुढे करणारी मी. वाचलेले सगळे जेवणाचेच! भंतेजींचं त्रिसरण नाही, हार घालणं नाही, नवरी तर औषधालाही नाही!

“वंदने,” ताई थंडपणे म्हणाल्या, “लग्न कोणाचं होतं वं?”

मी डिस्कची, कंपनीची, त्यांच्या भावाची, सगळ्यांची चूक समजावली. ताईंनी शांतपणे ऐकून निकाल दिला: “ते मले काही माहीत नाही. पोराले-सुनेले उद्या इथंच आणतो, फोटो पुन्हा काढाले. शेरवानी, शालू, सगळं घालून. हार तू आण.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जरीपटक्याच्या बाजारात जाऊन गुलाबाचे दोन मोठे हार घेतले.

“घरी लग्न आहे का ताई?” हारवाल्यानं विचारलं.

“हो गा. भाच्याचं.”

“पहिलंच?”

“दुसरं,” मी म्हटलं. “पोरगी तीच आहे. पहिलं माझ्या हातून बंद पडलं.”