दत्तूची गाठ

"हिच्या घरात जेल काय नवीन हाय व्हय? बाप बी आत बसून आलाय की!"

गटाचे पुढारी आबा असं बोलले आणि वाड्याच्या सोप्यावरची समदी माणसं हसली. मी चपला काढायच्या जागेवर बसलोतो. तिथनं वर यायचं न्हाय, हे आमच्या वस्तीतल्या बाईमाणसाला कुणी सांगावं लागत न्हाय.

बापाला एकदा चौकीत नेलतं, ते खरं. आबांच्याच वडलांनी नेलतं, बैलाचा कासरा चोरला म्हणून. कासरा नंतर त्यांच्याच गोठ्यात गावला. हसताना ते कुणाला आठवलं न्हाय.

"आबा, दत्तूला कुठं ठेवलंय तेवढं तरी सांगा. लांबनं बघतो," मी म्हंटलं.

"मी शब्द टाकलाय. चिठ्ठीबिगर कुणाला भेटू देत न्हाईत. गोठ्यात शेण पडलंय, तेवढं काढून जा."

आणि मी काढलं. कशाला काढलं, ते आज माझं मलाच कळत न्हाय.

दत्तू माझा धाकटा भाऊ. आबांचा ट्रॅक्टर चालवायचा. गावच्या दूध संस्थेची निवडणूक झाली, आबांचा गट आला. गुलाल, डॉल्बी, आख्खी गल्ली लालभडक. दत्तू ट्रॅक्टरवर बसला हुता. खाली मारामारी झाली आणि समोरच्या गटातल्या एका पोराचं डोकं फुटलं. पोलीस आले, दत्तूला घेऊन गेले. ट्रॅक्टरवरचा माणूस खाली कवा उतरला आणि त्येनं कवा मारलं, हे एका बी माणसानं इचारलं न्हाय.

आमच्याकडं गट म्हंजे आईबाप. दाखला पायजे, गटाच्या माणसाला धरायचं. दवाखान्यात खाट पायजे, गटाच्या माणसाला धरायचं. सरळ सरकारी दारात गेलं तर आबांचा अपमान हुतो. बाप तसाच जगला, मी बी तसंच केलं. पोलीस ठाण्याकडं फिरकलो न्हाय. रोज आबांच्या दारात. जिंकल्याचं जेवण त्यांनी जोतिबाच्या डोंगरावर घातलं, तवा सैपाकाच्या काहिली मीच घासल्या. आबांच्या घरच्या वहिनीसाहेब म्हणाल्या, "बसून काय करतीस? तेवढंच पुण्य लागंल तुझ्या भावाला." घरी आई इचारायची, दत्तू जेवला असंल का गं? मी म्हणायचो, जेवला की.

पण त्या दिवशी बापाचं नाव काढून हसले, ते जिव्हारी लागलं. हात धुतलं आणि घरी न जाता कोल्हापूरची एस्टी धरली.

आधी पोलीस ठाणं. हवालदार म्हणाला, "त्येला कवाच जेलात पाठवलाय. घरी फोन केलता की."

"कुणाच्या घरी?"

त्येनं नंबर वाचून दाखवला. आबांच्या पुतण्याचा.

तिथनं इचारत इचारत जेलच्या दारात गेलो. बायांची ही मोठी रांग. कुणाच्या कडंवर लेकरू, कुणाच्या हातात कापडाची पिशवी. माझ्या म्होरं एक म्हातारी हुती, ल्योक आत हाय म्हणाली. मी तिला इचारलं, मावशी, चिठ्ठी कुणाची आणलीया?

"कसली चिठ्ठी?"

"साहेबांची. भेटायला."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "अगं येडे, तू बहीण न्हवं का त्येची? आधार दाखव, नाव सांग, आणि बस. रक्ताच्या माणसाला कुणाची चिठ्ठी लागती?"

मी भिंतीला टेकलो. एवढंच हुतं? एवढ्यासाठी मी त्यांचं शेण काढलं, खरकटं काढलं, बापाची इज्जत चपलांत ठेवून बसलो? जे माझंच हुतं, ते मला भिकंसारखं दावून राबवलं. मला रडू आलं न्हाय. राग आला, असा राग की दात एकमेकांवर वाजायला लागले.

नवऱ्यानं टाकलेली बाई मी. पण आधारवर बापाचं नाव तसंच राहिलंय, ते कामाला आलं. नाव पुकारलं. मधी काच, हिकडं फोन, तिकडं फोन. दत्तू आला. गालफडं बसलेली. मला बघून थबकला, फोनच उचलंना.

"आक्का, तुमी मला टाकलं न्हवं?" पहिलं वाक्य हेच.

"कोण म्हणलं?"

"पुतण्याचा माणूस येऊन गेला. घरचे तुझं नाव काढंनात म्हणाला. गुन्हा कबूल कर, आबा सोडवतील."

"आरं मुडद्या, रोज त्यांच्या दारात बसतोय मी तुझ्यासाठी!"

तवा कुठं त्येनं काचंवर हात टेकला. मी इचारलं, कुणी मारलं रं? त्येनं हिकडं तिकडं बघितलं. मग पुतण्याचं नाव घेतलं. झेंड्याच्या बांबूनं मारलं, म्हणाला, मी वरनं बघितलंय. म्हणून तर आमा बहीणभावाची गाठ पडू देत न्हवते. मी ओरडलो, कशावर बी सही करू नको! आणि फोन बंद पडला. येळ संपली हुती.

ऐपत नसलेल्याला कोर्टात फुकट वकील मिळतो, हे बी त्या म्हातारीनंच सांगितलं. वकीलबाई मिळाल्या. भेटीच्या दिवशी मी जेलात असतोच. बाकीच्या दिवशी गावात, आणि गाव म्हंजे दुसरं जेल. आबांच्या संस्थेनं माझ्या म्हशीचं दूध घ्यायचं बंद केलं. समोरच्या गटाच्या संस्थेत न्यावं, तर ती म्हणती, तुझ्या भावानं आमच्या पोराचं डोकं फोडलं. नळावर गेलो की बाया घागरी उचलून बाजूला हुतात. जामीन अजून झालेला न्हाय. आई रात्रंदिवस दाराकडं तोंड करून बसती.

परवा आबांचा माणूस आला. "आबांनी बोलवलंय. दूध उद्यापास्नं चालू करतो म्हणालेत. पोराला तेवढं कबूल करायला सांग."

म्हंटलं, "आबांना सांग, ज्येचं डोकं फुटलं त्या पोराच्या घरी मी काल जाऊन आलोय."

त्येचं तोंड उतरलं. खरंच गेलतो मी. त्येच्या आईनं दार लावून घेतलं, तर बंद दाराम्होरं हुबी राहून पुतण्याचं नाव घेतलं, गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. दार काय उघडलं न्हाय. उद्या परत जाणार. तारखेला कोर्टात बी तेच नाव घेणार. दूध नासू दे, घर जाळू देत. दत्तू भाईर येईस्तोवर मी हे नाव घ्यायचं थांबवणार न्हाय, आणि तो आल्यावर बी न्हाय.