व्हर्ना टॉलेफसनचं ‘नको’

व्हर्ना टॉलेफसनला नोकरी हवी होती म्हणजे हवीच होती. मिनेसोटाच्या उत्तरेकडच्या त्या गावातला वृद्धाश्रम बंद पडला आणि तिथलं स्वयंपाकघर सांभाळणारी व्हर्ना पन्नाशी उलटल्यावर घरी बसली. नवरा ऑर्लिन पाठीच्या दुखण्याने आधीच घरात. त्याच्या औषधपाण्याचा विमा तिच्या नोकरीवर होता, तोही नोकरीबरोबर गेला.

दोन मुलाखती झाल्या आणि दोन्हींत तिने माती खाल्ली. "तुमचं सगळ्यात मोठं यश कोणतं?" असं विचारल्यावर ही म्हणाली, "यश कसलं, कोणी उपाशी राहिलं नाही एवढंच." त्या मुलखात स्वतःचं कौतुक स्वतः करणं म्हणजे चारचौघांत कपडे उतरवण्याइतकं लाजिरवाणं. पण विमा काही लाजेवर मिळत नाही.

शेवटी मुलगी जनेल शिकवायला बसली.

"म्हण, मी उत्तम स्वयंपाक करते."

"मी... बरा करते."

"आई! स्वतःची टिमकी वाजवायचीय तुला. तिथे लाजायला बोलावलेलं नाही."

"दोघी मिळून आधी माझं कौतुक करा," ऑर्लिन आरामखुर्चीतून म्हणाला, "तेवढाच सराव!"

तिसरी मुलाखत शेजारच्या गावातल्या शाळेत होती, स्वयंपाकघर प्रमुखाची. मुख्याध्यापिका ट्रीना मोरालेस ॲरिझोनाची, नुकतीच इकडे आलेली. व्हर्नाने घट्ट हात मिळवला, डोळ्याला डोळा भिडवला आणि कान लाल होईपर्यंत बढाया मारल्या. दात नसलेल्या म्हाताऱ्यांनाही मी चवीचं खाऊ घातलं, हिमवादळात रस्ते बंद होते तेव्हा मी एकटीने आश्रमभर जेवण पुरवलं, असं सगळं. सगळं खरंच होतं, तरी तिला खोटं बोलल्यासारखं वाटत राहिलं.

ट्रीना खूश झाली. "व्हर्ना, मी आडपडदा ठेवत नाही. मला तुम्हीच हव्या आहात. सोमवारपासून येता?"

"छे छे," व्हर्ना म्हणाली, "माझं काय एवढं! तुम्हाला माझ्याहून चांगली कोणीतरी मिळेल."

जन्मात तिने पहिल्या खेपेला कशालाच हो म्हटलं नव्हतं. कॉफी असो, केकचा तुकडा असो, की बर्फात रुतलेली गाडी ढकलायला आलेला शेजारी असो. त्या मुलखाच्या रीतीप्रमाणे आधी "नको", मग "उगाच तुम्हाला त्रास", आणि तिसऱ्यांदा "बरं, अगदी थोडीशी". लग्नाचंही ऑर्लिनला तीनदा विचारावं लागलं होतं, आणि पहिल्या दोन नकारांनी त्याची झोप जराही उडाली नव्हती.

ट्रीनाचा चेहरा मात्र पडला. "स्पष्ट सांगितलंत, बरं झालं," म्हणत ती दारापर्यंत सोडायला आली. व्हर्नाने कोटाची बटणं मुद्दाम सावकाश लावली. थंडीबद्दल बोलली, शाळेच्या खिडक्यांचं कौतुक केलं. ट्रीनाने खिडक्यांच्या कौतुकाला मान डोलावली आणि दार उघडून धरलं.

घरी जनेल कडाडली. "नोकरीला नको म्हणालीस?"

"मला वाटलं, परत विचारेल."

"ॲरिझोनाची आहे ती!"

"मग तिथे काय आईबाप वळण लावत नाहीत?"

"फोन कर आणि माग नोकरी."

"स्वतःच्या तोंडाने मागू? भिकाऱ्यासारखी?"

बराच वेळ ती भांडी आपटत राहिली. ट्रीनावर चिडली, जनेलवर चिडली, सगळ्यात जास्त स्वतःच्या जिभेवर चिडली. शेवटी ऑर्लिन म्हणाला, "कर फोन, व्हर्ना." या खेपेला तो चेष्टा करत नव्हता.

"मला ती नोकरी हवी आहे," ती फोनवर म्हणाली.

पलीकडून ट्रीना म्हणाली, "अहो, मी आत्ताच दुसऱ्या बाईंना विचारलं. त्या लगेच हो म्हणाल्या. तुम्ही नको म्हणालात ना?"

"तुम्ही परत विचारलंच नाही!"

"परत कशाला विचारायचं?" ट्रीनाच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं.

हे कोणाला समजावून सांगायची वेळ व्हर्नावर कधी आलीच नव्हती.

"असू दे," ती गोड आवाजात म्हणाली, "माझी काही हरकत नाही. त्या बाई चांगल्याच असतील."

तिने फोन ठेवला, ऑर्लिनकडे वळली आणि घर दणाणून जाईल अशी ओरडली, "हरकत आहे! माझी हरकत आहे!"