तासेवआबा बसले

तासेवआबांची पिठाची गिरणी आमच्या वस्तीच्या तोंडाशीच होती. तेफचं धान्य दळायला आलेल्या बायका रांगेत भांडायच्या आणि दळण घेऊन निघेपर्यंत आबा त्यांचं भांडण मिटवून टाकायचे. नवरा-बायकोचं असो, भावाभावांचं असो, मधल्या भिंतीचं असो, लोक आबांकडे जायचे. आबांची रीत आमच्याकडच्या सगळ्या वडीलधाऱ्यांची असते तीच. ज्याच्याकडे मागणं घेऊन जायचं त्याच्यापुढे उभं राहायचं. तो कितीही ‘बसा, बसा’ म्हणाला तरी बसायचं नाही. मागणं मान्य झालं की मगच टेकायचं. वडीलधारे बसले म्हणजे विषय संपला.

माझं लग्नही असंच ठरलं. लेगेसेसाठी आबा गोजामला माझ्या वडिलांच्या दारात येऊन उभे राहिले. वडिलांनी मुद्दाम ताणून धरलं. ऊन डोक्यावर आलं तरी हो म्हणेनात. मी आतून फटीतून बघत होते आणि मला नवऱ्या मुलापेक्षा या माणसाचीच दया येत होती. शेवटी आई वडिलांवर खेकसली, “अहो, दारात मरायचा तो माणूस! द्या की पोरगी!” आबा हसत हसत बसले.

लेगेसे इथे अदिस अबाबाला शाळेत इतिहास शिकवायचा आणि विरोधी पक्षाचं काम करायचा. निवडणुकीनंतर त्या पक्षाच्या लोकांना घराघरातून उचललं, त्यात त्यालाही उचललं. तेव्हापासून मी आणि डबा. शिरोचं पिठलं, तेफच्या आंबट धिरड्यासारखा इंजेरा, उपवासाचे दिवस नसले की थोडं मटण. तुरुंगाच्या फाटकावरचा पहारेकरी डब्यातला प्रत्येक पदार्थ आधी मला खायला लावतो, विषबिष नाही ना म्हणून. पहिल्या वर्षी मी रडत रडत खायचे. आता नुसती खाते. चव लागत नाही आणि तिचं काही वाटतही नाही.

परदेशी वकील येऊन बोलणी करून गेले. त्यातून काही निघेना, तेव्हा चार वडीलधाऱ्यांना मध्ये घालायचं ठरलं. एक धर्मगुरू, एक शेख, एक निवृत्त न्यायाधीश आणि आमचे आबा. गिरणीवाला कशाला, असं काहींनी विचारलंच. पण आत असलेल्यांपैकी कितीतरी जणांचे आबा धर्मपिता होते, लेगेसेचेही. शिवाय चौघांत तेच मोठे, म्हणून पुढे त्यांनाच उभं करायचे.

सरकारचं म्हणणं होतं, ‘आम्ही गुन्हा केला, माफी असावी’ अशा कागदावर सह्या करा आणि नववर्षाच्या आत घरी जा. आतले म्हणत होते, झालं गेलं दोन्ही बाजूंनी सोडून देऊ, इतपत लिहून देतो. गुन्हा हा शब्द नको. आबांना तेवढा एक शब्द काढून आणायचा होता.

फेऱ्या सुरू झाल्या. सरकारतर्फे बोलणाऱ्या साहेबाच्या कचेरीतून तुरुंगात, तुरुंगातून कचेरीत. परतताना आबा माझ्या दारावरून जायचे.

“पोरी, साहेब विरघळतोय बघ. आपल्या गोजामचाच आहे. मी समोर उभा राहिलो की त्याला खुर्चीत चैन पडत नाही.”

“बरं,” मी म्हणायचे. आशा वाटायला हवी होती. वाटली नाही.

मग एका संध्याकाळी ते आले ते उंबऱ्याबाहेरच थांबले.

“आत या की, आबा.”

“नको.”

“काय झालं?”

“मी बसलो, वुबित.”

मी चुलीपाशी होते. हातातली पळी तशीच राहिली.

“सकाळपासून चौघं उभे होतो,” आबा म्हणाले. “साहेबाने कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं. तो शब्द खोडतोच आता, असं वाटलं. तेवढ्यात कुणीतरी बोलावलं म्हणून तो आत गेला. माझे गुडघे लटलट कापायला लागले. म्हटलं, तो येईपर्यंत जरा टेकू. मी टेकलो तसे बाकीचेही टेकले. मी बसल्यावर ते कसे उभे राहणार? आणि हा आला परत.”

“मग?”

“बघितलं, हसला. म्हणाला, आबा बसले म्हणजे ठरलं. लगेच कॉफी मागवली. शेख म्हणाले, अहो, म्हाताऱ्याचे गुडघे आहेत ते. तर म्हणतो, गुडघ्यांना बरोबर कळतं.” आबांनी तोंड पुसलं. “शहरातला कुणी असता तर त्याच्या लक्षातही आलं नसतं गं. हा मेला आपल्याकडचाच निघाला.”

मी त्यांना शिव्या घालायला हव्या होत्या. पिठलं खाली लागत होतं, मी ते हलवलं.

कागद तसाच तुरुंगात गेला. बाकीच्यांनी सह्या केल्या. कुणाला साखरेचा आजार, कुणाची पोरं लहान. मी त्यांना नावं ठेवत नाही. लेगेसेने कागद वाचला आणि माझ्यादेखत आबांना परत दिला.

“आबा, हिच्यासाठी तुम्ही हिच्या बापाच्या दारात भर उन्हात उभे राहिलात.”

“तेव्हा गुडघे होते रे, पोरा.”

“तुम्हाला बोल लावत नाही मी. पण पोरांना खोटं लिहू नका म्हणून शिकवलं. आता मीच कसं लिहू?”

पावसाळा सरता येणाऱ्या आमच्या नववर्षाला माळरानं पिवळ्या फुलांनी भरली. गल्लीत घरोघरी नवरे परतले, पोरी ढोल वाजवत दारोदार गात फिरल्या. मी डबा घेऊन निघाले.

“तुझाच राहिला का गं?” पहारेकऱ्याने विचारलं.

“हो.”

“खा मग.”

मध्यस्थांचं काम यशस्वी झालं असं पेपरात छापून आलं आणि तिघे आपापल्या घरी गेले. आबा गेले नाहीत. गिरणी मुलाच्या हवाली करून ते रोज त्या कचेरीसमोर फुटपाथवर उभे राहायला लागले. एकाचं मागणं अजून बाकी आहे म्हणतात. शिपायांना त्यांना हात लावायचा धीर होत नाही. साहेब हल्ली मागच्या फाटकाने आत जातो असं ऐकलं.

रविवारी चर्चमधून ते माझ्याकडे येतात आणि इथेही उभेच. आमच्या रीतीचे कॉफीचे तिन्ही फेर उभ्याने घेतात. शेजारीण म्हणालीच, “एवढा माज बरा नव्हे, वुबित. म्हाताऱ्याला बसव तरी.”

“त्यांना विचार,” मी म्हटलं.

या रविवारी लेगेसेने जाळीपलीकडून डबा घेतला. फार वाळलाय तो.

“आबा अजून उभे राहतात म्हणे?”

“राहतात.”

“त्यांना सांग, लेगेसे म्हणतो, आता बसा. माझा राग नाही. मेले तर माझ्या डोक्यावर यायचं.”

“सांगते.”

घरी आले तर आबा दारात. दोन्ही हात काठीवर.

“कसा आहे पोरगा?”

“बरा आहे.”

“काही म्हणाला?”

मी कॉफीचे दाणे तव्यावर टाकले. निरोप अगदी जिभेवर होता. तो दिला की आबा बसणार, आणि आबा बसले की साहेब पुढच्या फाटकाने जायला मोकळा. मग लेगेसेसाठी कुणीच कुठे उभं नाही.

“नाही,” मी म्हटलं. “काही नाही म्हणाला.”

त्यांनी मान हलवली. मी दाराजवळची पाण्याची पिंपं बाजूला सरकवली, त्यांना भिंतीला खांदा टेकता यावा म्हणून, आणि पहिला कप त्यांच्या हातात दिला.