माशांसाठी थिजवलेली जेली

पदवी घेतल्यावर मला पहिली नोकरी लागली ती रसायनीजवळच्या एका लहान कारखान्यात. ऐंशी सालानंतरची गोष्ट. फळमाशीला भुलवून मारणारी जेली तिथे तयार व्हायची. ही माशी कारल्या-काकडीला टोचून आत अंडी घालते, आणि फळ चिरलं की अळ्या वळवळताना दिसतात. तिला सडक्या मासळीचा वास आवडतो. पण नुसतं मासळीचं पाणी उन्हात लगेच आटतं. म्हणून ते चायनाग्रासमध्ये शिजवून, त्यात विष घालून प्लास्टिकच्या पेल्यांत थिजवायचं. मग वास बेताबेताने, कितीतरी दिवस सुटत राहतो.

प्रयोगशाळेत आम्ही तिघी मुली होतो. दोघींकडे वजनकाटा आणि काचेची भांडी, माझ्याकडे मासळीचं पिंप. झाकण काढलं की राखाडी फेस वर यायचा आणि त्यात बोंबलांची डोकी गरगरायची. शेतातून परत आलेले पेले त्याहून ओंगळ. जेलीत रुतलेल्या माशा चिमट्याने काढून मोजायच्या. काहींचे पाय अजून हलत असायचे. दुपारी घास तोंडाजवळ नेला की बोटांनाच वास यायचा आणि डबा तसाच बंद व्हायचा.

लोधिवलीच्या बाजूला आमचं घर. एका संध्याकाळी आईने मला उंबऱ्यातच थांबवलं. माझा पदर नाकाजवळ नेऊन तिने हुंगला. मग म्हणाली, "हा वास माज्या सासऱ्याच्या अंगाला यायचा गं. गावातली मेलेली ढोरं वढून आला का असाच. धम्म घेतला तवा आमी ते काम सोडलं. आन् तू पगार घेऊन तोच वास घरात आनतेस?"

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेले आणि पिंपाचं काम तिघींनी पाळीपाळीने करू, असं सुचवलं. त्यांनी फाइलीतून मान वर केली नाही. त्या दोघींच्या घरी असलं चालत नाही, म्हणाले. मग अगदी समजुतीच्या सुरात,

"तुमच्या लोकांना सवय असते ना?"

पिंपाने आली नव्हती इतकी शिसारी मला त्या मऊ आवाजाची आली.

"मलाही ओकारी येते, साहेब," मी म्हणाले.

आठवड्याभरात पिंप माझ्याकडून गेलं, ते त्या दोघींकडे मात्र नाही. झाडलोटीला येणाऱ्या ठाकूरवाडीच्या आदिवासी बाईच्या हाती ते दिलं. मी तिला सांगून पाहिलं, नाही म्हण, मी तुझ्या बाजूने बोलेन. तिने पदर नाकावर घट्ट बांधला आणि म्हणाली, "नाय म्हनलं तर उद्या मला बोलवल कोन?"

पिंप तिच्याच माथी का, हे विचारायला मी पुन्हा साहेबांकडे गेले. या वेळी ते हसले. त्या हसण्यानंतर मला तिथलं पाणीही पिववेना. महिना भरला तसा मी राजीनामा दिला आणि पुढे कर्जतला शाळेत लागले. जेली मात्र चालली. मळ्यामळ्यांतून ते पेले टांगलेले दिसू लागले, आणि कारली न किडता बाजारात येऊ लागली. ती बाई पिंपावरच राहिली, असं नंतर कळलं.

कामावर नेसायच्या माझ्या दोन साड्या बोहारणीनेही घेतल्या नाहीत. आईने त्या परसात जाळल्या. जळतानाही त्यांना मासळीचाच वास येत होता.