आत्याची काठी आणि माझा घोडा

समस्त मुंबईकर, कोकणवासी व बोटीवर फुकट सल्ला देणारा प्रवासीवर्ग यांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, मालवण बंदरात समुद्रमार्गे घोडा उतरवणारा आमच्या घराण्यातला पहिला पुरुष मीच. घोड्याला चार पाय होते, चारी पायांत रबरी बूट होते आणि तो अॅल्युमिनियमचा होता. इस्पितळात म्हातारी माणसं जी चौकट दोन्ही हातांनी धरून चालतात, तीच ही. तिचं खरं नाव मला नीट उच्चारता येत नसे, म्हणून मी घोडा म्हणायचो. साठ-एकसष्टच्या सुमाराची ही गोष्ट.

घोडा निघाला होता तोंडवलीला, माझ्या द्वारका आत्यासाठी. आत्या सत्तरीच्या पुढची, जन्मभर मासळी विकलेली, आता एकटी राहणारी. आदल्या पावसाळ्यात ती विहिरीपाशी पडली आणि खुबा कायमचा दुखावला. तिला मुंबईला आणायचं असं आम्ही सगळ्यांनी ठरवलं. तिनं शाळेतल्या मास्तरांकडून कार्ड लिहून घेतलं : 'मी येणार नाही. माझं मला होतं.' ते तसंच होत राहावं, म्हणून मी रजा काढून घोडा खरेदी केला आणि भाऊच्या धक्क्यावरून बोटीत चढलो.

डेकवर माझ्या शेजारी वळकटी पसरलेले आजोबा रात्रभर घोड्याकडे बघत होते. सकाळी न राहवून म्हणाले, "घडवंची बरी आसा. पण मधी पोकळ. हंडो ठेवतलास खंय?"

मी म्हटलं, "हंडा नाही, आत्या ठेवायची आहे."

त्यांनी वळकटी उचलली आणि दूर जाऊन पसरली.

मालवणला बोट लांब उभी राहते आणि पडावातून (माणसं-सामान किनाऱ्याला नेणारी मोठी होडी) उतरावं लागतं. पडाववाल्यानं घोडा डोक्यावर उलटा घेतला आणि चार पाय आकाशाकडे करून तो माझ्याआधी बंदराला लागला. खाणावळीत बांगड्याचं तिखलं (दाट, झणझणीत कालवण) आणि भात जेवलो, वर दोन वाट्या सोलकढी. मग सर्जेकोटपर्यंत बैलगाडी, तिथून तरीनं खाडी ओलांडून तळाशील आणि पुढे किनाऱ्यानं पायी. डाव्या हाताला समुद्र, उजवीकडे माडांच्या पलीकडे खाडी, मध्ये एवढीशी जमीन. घोडा गळ्यात अडकवून मी चाललो होतो. जाळी विणणारे हातातलं काम थांबवून बघत होते. मीही मान थोडी जास्तच ताठ ठेवली होती, हे कबूल करतो.

आत्या अंगणात उभी होती. हातात काठी. काठी कसली, एका मोडक्या वल्ह्याचा दांडा. खाली वल्ह्याचं पातं हातभर होतं ते तासून पंजाएवढं ठेवलेलं, खाऱ्या पाण्यानं पांढरं पडलेलं, मधोमध तडा, त्यावर सुंभ गुंडाळलेलं.

"इलस रे बाबल्या? गळ्यात काय बांधलानी तुझ्या?"

"तुझा घोडा, आते."

सारवलेल्या जमिनीवर घोडा झकास चालला. आत्या चुलीपासून ओटीपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. तोंडभर हसली. "घोड्यार बसान वरातीक गेल्यासारखा वाटता," म्हणाली. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओटीवर घोडा घेऊन शेजारणीला दाखवत असताना मी न्हाणीच्या चुलीशी पाणी तापवत बसलो होतो. कोपऱ्यात ती काठी दिसली. मी तिच्यासमोर उभं राहून लहानसं निरोपाचं भाषण केलं, दीर्घ सेवेबद्दल आभार मानले आणि तिला चुलीत सारली. वल्ह्याचं जुनं लाकूड. फार सुरेख पेटलं.

आत्या आत आली. "माझी काठी?"

"निवृत्त केली."

तिनं चुलीकडे पाहिलं. "सगळी?"

मी म्हणालो, पाणी छान तापलंय.

थोड्या वेळानं किनाऱ्यावरून हाकारा आला. रापण लागली होती. रापण म्हणजे लांबच लांब जाळं. होडीतून समुद्रात अर्धगोल टाकतात आणि त्याचे दोन दोर गाव मिळून किनाऱ्यावरून ओढतं. इथला नियम असा, की दोराला ज्याचा हात लागला त्याला मासळीचा वाटा. पोर असो, म्हातारं असो. आत्या रोज जायची. ओढण्यात तिचा कितीसा जोर? पण दोराच्या शेवटाला तिची जागा ठरलेली होती, आणि मिळालेल्या वाट्यावर तिचं घर चालायचं. थोडे मासे कालवणाला, बाकीचे शेजारणीबरोबर बाजारात.

अंगण संपलं आणि घोडा वाळूत रुतला. मी हार मानणारा नव्हतो. चार करवंट्या शोधल्या, सुंभानं घोड्याच्या पायांना बांधल्या. लोक हसले, पण घोडा चालला. आत्या दोरापर्यंत पोचली, आपल्या जागी उभी राहिली आणि उजवा हात उचलला.

घोडा डावीकडे कलंडला. तिनं हात परत टेकला. मग डावा उचलून पाहिला. घोडा उजवीकडे. दोर तिच्या पुढ्यातून सरकत होता, वीतभर अंतरावरून. मला तेव्हा कळलं. काठीला एक हात लागायचा आणि दुसरा तिचा उरायचा. आणि ते बेढब पातं वाळूत रुतू नये म्हणून ठेवलेलं होतं.

मासळी वाटताना पांडू तांडेलानं (रापणीचा म्होरक्या) तिच्यापुढे बांगड्यांचा वाटा ठेवला.

"मियां हात लावूक नाय, पांडू."

"आते, तुझो वाटो कोण मोजता? घे गो."

"हात लावूक नाय म्हटलंय मां?"

ती घोडा वळवून घरी निघाली. करवंट्यांचा वाळूत खसखस आवाज येत होता.

मी दोन दिवस वणवण केली. गावात मोडकं वल्हं कुणाकडे नव्हतं. बांबू आणला, तो वाळूत वीतभर आत गेला. मालवणच्या सुतारानं तसं लाकूड शोधून काठी करायला आठ दिवस सांगितले. तिसऱ्या सकाळी आत्याच्या जागी मीच दोर ओढला, तळहात सोलून घेतले आणि वाटा घेऊन घरी आलो. तिनं बांगडे तळले, सगळे माझ्या पानात वाढले, आणि स्वतः पेज घेऊन बसली. मी आग्रह केला तर म्हणाली, "तो तुझो वाटो रे. जेव गप."

रजा संपली. सुताराला काम सांगितलं, आत्याच्या पाया पडलो. ती घोडा धरून ओटीच्या कडेपर्यंत आली. पुढे वाळू होती.

परतीच्या बोटीत डेकवर मंडळी जमली आणि माझी जीभ काही स्वस्थ बसेना. मी सगळी कथा सांगितली, नकलांसकट : घडवंची, काठीचा निरोपसमारंभ, करवंट्यांचे बूट. लोक पोट धरून हसत होते. हसवता हसवता माझ्या मनात येत होतं, की ज्या बाईनं 'माझं मला होतं' असं कळवलं, तिला एकदा विचारायला हवं होतं, कसं होतं ते. आठ दिवसांनी काठी येईल, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होतो.

समोर आचऱ्याची एक मासळीवाली बाई सुक्या मासळीच्या टोपलीला टेकून बसली होती. ती एकटीच हसली नव्हती. हशा ओसरल्यावर ती म्हणाली, "तां सगळा ऱ्हवांदे. आज ती रापणीर गेली काय नाय?"