तीन हजार तीनशे बारा

भूम तालुक्यात जमिनीखालचं पाणी वर येतं ते थोडं देवाच्या कृपेनं आणि बाकी सगळं माझ्या दाजींच्या कानामुळं, असं मी कोणाच्याही तोंडावर सांगायला तयार आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. भूमला एसटी स्टँडच्या मागं त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि दुकानामागंच घर. बोअरमधली मोटर जळाली की शेतकरी ती त्यांच्याकडं घेऊन येतो. दाजी जळालेल्या तारा कापून काढतात, काढता काढता वेढे मोजतात, आणि तेवढेच वेढे नव्या तारेचे भरतात. मोटर जळालेली नसेल, नुसतीच कुरकुरत असेल, तर लांब पेचकसाचं टोक मोटरीवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडावर धरायची आणि डोळे मिटायचे, एवढाच त्यांचा दवाखाना. "खालचं बेअरिंग गेलंय. पंधरा दिस काढंल," असं ते सांगतात आणि मोटर सोळाव्या दिवशी बसते. माझ्या साखरपुड्यात सगळे नवरीकडं बघत असताना हे मांडवामागं जनरेटरला कान लावून उभे होते. तिथून येऊन माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "पंगत आधी उरका, मंत्र मागनं म्हणता येतील." सासऱ्यांनी ऐकलं नाही. पाहुण्यांना भर उन्हाळ्यात पंखे बंद असताना जेवावं लागलं, आणि तेव्हापासून आमच्या सासुरवाडीत माझ्यापेक्षा दाजींना जास्त मान आहे.

अशा माणसाला इलेक्ट्रिक गिटारचा नाद लागावा हे भूमला अजून पटलेलं नाही. याचं मूळ त्यांच्या आयटीआयच्या दिवसांत आहे. खोलीवर कोणाच्या तरी टेपरेकॉर्डरवर एक परदेशी कॅसेट लागायची. शब्द यांना कळत नव्हते, पण मधेच गिटारची एक ओळ यायची आणि दाजींच्या हातातली भाकरी हातातच राहायची. पुढं ती कॅसेट टेपनं खाल्ली आणि आवाज तेवढा यांच्या डोक्यात राहिला. कसा आवाज, म्हणून विचारलं की ते हाताचा तवा करून सांगतात, "कडंला करपलेला, मधी मऊ. भाकरीगत." तीस वर्षं ताई हे ऐकत आली आहे. बार्शीचा एक ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा दाजींनी तिथून गिटार आणि तिचा आवाज मोठा करणारं अँपचं खोकं आणलं. त्यांना गिटार वाजवता येते असं म्हणणं धाडसाचं ठरेल. त्यांना ती एक ओळ येते. ते जगातली दुसरी ओळ शिकायला तयार नाहीत, कारण पहिलीच अजून मनासारखी वाजत नाही.

दोष बोटांचा असेल असं मी एकदा सुचवलं होतं. दाजींच्या मते दोष पिकअपचा. पिकअप म्हणजे गिटारच्या तारांखाली बसवलेलं बोटभर लोहचुंबक आणि त्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. म्हणजे दाजींच्या भाषेत, पाणी न काढणारी मोटर. गिटारमध्ये दोन जातीचे पिकअप होते. एका कॉइलचा स्वच्छ बोलायचा, पण शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली की घूंऽऽ करत बसायचा. एकदा ती घूं ऐकून दाजी गिटार गळ्यात तशीच ठेवून गिरणीवाल्याकडं गेले आणि म्हणाले, "मोटर उतरवून आण, जळायला लागलीया." निदान बरोबर निघालं. गिरणीवाला आजही गिटारला मोटर तपासायचं यंत्र समजतो. दुसरा पिकअप दोन कॉइलचा. त्यात एक कॉइल दुसरीची घूं मारते, म्हणून तो शांत. पण आवाज जाड. नवा मागवावा म्हणून मी एका विक्रेत्याला त्यांच्या सांगण्यावरून इंग्रजीत विचारलं की वेढे किती? उत्तर आलं, आवाज उबदार आहे, सायीसारखा आहे. दाजी म्हणाले, "पाव्हणं, ह्यो माणूस पिकअप इकतोय का बासुंदी?"

हे सगळं निवांत चाललं असतं. पण मागच्या वर्षी दाजी प्रश्न दोनदा विचारायला लावू लागले, म्हणून मी त्यांना धाराशिवला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. मी तिथंच शाळेत भूगोल शिकवतो. डॉक्टरांनी एक आलेख दाखवला. त्यातली रेघ बालाघाटावरून खाली उतरावी तशी उतरत होती. आयुष्यभर दुकानातल्या ग्राइंडरशेजारी बसल्यामुळं बारीक, धारदार आवाज आधी चाललेत, आणि ते परत येत नाहीत, असं त्यांनी समजावलं. दाजींनी कागद हातात घेतला. "सायेब, कडंला करपलेला आवाज ह्यात कुठं बसतो?" डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी उतरत्या टोकाकडं बोट दाखवलं. परतीच्या एसटीत दाजींनी तो कागद येडशीपर्यंत मांडीवर उलगडून ठेवला. मग म्हणाले, "आता घाई केली पाहिजे." मला फार वाईट वाटलं, आणि मी पुण्याहून पिकअप भरायची ती बारीक तार आणून दिली.

वेढे कमी झाले की आवाजाला धार येते, म्हणून शहाण्या माणसानं दोन कॉइलच्या पिकअपचे थोडे वेढे सोडून पाहिले असते. पण जुनी कॉइल शून्यापर्यंत मोजल्याशिवाय नवी भरायची नाही, हा दाजींच्या धंद्यातला धर्म आहे. त्यांनी चांगला चालता पिकअप फोडला आणि त्यातली एक कॉइल उलगडत तोंडानं मोजायला बसले. गिऱ्हाइकांना खुणेनं परत पाठवलं. मी शेजारी श्वास रोखून बसलो होतो. तेवढ्यात ताई दारात आली.

"चहा टाकते. कितीचा टाकू?"

"तीन हजार तीनशे बारा," दाजी म्हणाले.

"एवढं दूध न्हाय घरात."

मला हसू आवरेना. दाजी माझ्यावर चिडले, मग ताईवर चिडले, मग दुधावर, आणि वळून बघतात तो आकडा गेलेला. तो मलाही आठवेना. अर्धी उलगडलेली कॉइल टेबलावर तशीच पडली. चार दिवस दाजींनी तिला हात लावला नाही. "ऱ्हाऊ द्या," ते मला फोनवर म्हणाले, "कानबी गेला आन् आकडाबी." असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. पाचव्या दिवशी जेवताना ताईनं सहज विचारलं, ते मोजायचं राहिलंय ते कधी करणार. आकडाच नाही तर काय मोजू, म्हणून दाजी खेकसले.

"तीन हजार तीनशे बारा," ताई म्हणाली. "म्या इचारलं तवा तुमीच म्हणलाव न्हवं."

दाजी ताटावरून उठले आणि तीन हजार तीनशे तेरापासून पुढं मोजू लागले.

नवा पिकअप तयार झाला त्या रविवारी मी भूमला होतो. दोन्ही कॉइल जुन्यापेक्षा दोनशे वेढ्यांनी कमी. शेजारी गिरणी चालू असून घूं नव्हती. दाजींनी ती ओळ वाजवली. मला संगीतातलं काही कळत नाही, पण माझ्या अंगावर काटा आला. दाजी मात्र ताईकडं बघत होते. पिठाचे हात घेऊन ती दारात उभी होती.

"कड वाजली का गं?"

"वाजली. करपलेली. आन् मधी मऊ."

"माझ्यासाठी म्हणू नगं."

"तुमच्यासाठी कशाला म्हणू? भाकरी मी करते का तुमी?"

दाजींनी पेचकस घेतला, टोक अँपच्या खोक्यावर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडावर धरली. उजवा हात तिकडं गुंतला. डाव्यानं तारा दाबल्या तरी छेडायला हातच उरला नाही.

"हिकडं ये. मी दाबतो, तू हाण," ते म्हणाले.

ताईनं हात पदराला पुसले, जवळ बसली आणि दाजी मान हलवतील तशी तार छेडू लागली. ओळ चुकली. पुन्हा केली. तिसऱ्या वेळी दाजींनी डोळे मिटले ते बराच वेळ उघडले नाहीत. पेचकसातून त्यांना किती पोचलं, देव जाणे.

"हाय," ते एवढंच म्हणाले. "तिथंच हाय."

आता डॉक्टरांच्या कागदावरची रेघ आणखी उतरली आहे. फोनवर दाजींना मोठ्यानं बोलावं लागतं, आणि मोटरी तेवढ्या ते हाडानं ओळखतात. रविवारी दुकान बंद असलं की ताई भाकऱ्या उरकून हात धुते आणि गिटारपाशी येऊन बसते. ती एक ओळ आता तिलाही येते.