सगळ्याला 'व्हय' म्हणणारा आरोपी

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की मी एकटाच हसत बसतो. आमची सौ. विचारते, "काय झालं?" मी म्हणतो, "व्हय." तिला सगळी गोष्ट पाठ आहे, त्यामुळे ती पुढे काही विचारत नाही.

निवृत्तीच्या थोडं आधी मी वाळूजच्या बाजूला एका पोलीस ठाण्याचा निरीक्षक होतो. कारखान्यांचा भाग. बाजारात, कंपन्यांच्या गेटवर मोटारसायकलींच्या रांगा, आणि त्यांतली एखादी सतत आमच्या स्टेशन डायरीत येऊन पडायची. मालकाचं ठरलेलं वाक्य असायचं, "साहेब, चहा प्यायला गेलो अन् आलो, तेवढ्यात गाडी नाय." क्राइम मीटिंगला वरिष्ठ माझ्याकडे बघायचे आणि मी छताच्या पंख्याकडे.

क्रांती चौकात पंक्चर काढणारा आमचा एक खबऱ्या होता. एक दिवस तो सकाळीच आला. "साब, बजाजनगर में एक बुड्ढा है. उसके घर के पिच्छू शेड है. ताडपत्री के नीचे गाड्याँ हैं, नंबरप्लेट किसी पे नै."

गुन्हे शोध पथक लगेच रवाना केलं. गाड्या खरंच मिळाल्या. शेडच्या दारात खुर्ची टाकून घरमालक म्हातारा बसला होता, त्यालाही चौकशीसाठी घेऊन आले. आमचा तरुण फौजदार त्याच्याजवळ बसला आणि चहा निवायच्या आत माझ्या केबिनमध्ये आला. चेहऱ्यावर दिवाळी.

"साहेब, आरोपी कबूल! एका गाडीचं नाही, सगळ्या गाड्यांचं. एक गुन्हा तर शेजारच्या ठाण्याचा होता, तोही कबूल."

तिथंच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. गुन्हेगार इतका दिलदार नसतो. स्वतःची एक चोरी कबूल करताना तो आमचा घाम काढतो, मग शेजारच्या ठाण्याची कोण अंगावर घेईल? मी उठून बाहेर आलो.

म्हातारा चांगला धिप्पाड होता. खांद्यावर टॉवेल, दाढी केलेली, उजवा हात मात्र मांडीवर नुसता पडलेला.

"नाव काय?" मी विचारलं.

"व्हय."

"गाड्या तुम्ही चोरल्या?"

"व्हय, व्हय."

"आणि बीबी का मकबरा? तोही तुम्हीच हलवला?"

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. ओठ हलले, कपाळाच्या शिरा ताठल्या, काहीतरी भलं मोठं बाहेर येणार असं वाटलं. आलं ते एवढंच, "व्हय."

"लई पोचलेला आहे साहेब," फौजदार म्हणाला. "सोंग करतोय."

आमचे रायटर हवालदार लिहिता लिहिता थांबले आणि गंभीरपणे म्हणाले, "मकबरा जबाबात घेऊ का, साहेब?"

तेवढ्यात म्हाताऱ्याची बायको धापा टाकत आली. ती कामगारांचे डबे करायची, हाताला पीठ तसंच होतं. "साहेब, त्यास्नी काय इचारू नका हो. ते समद्याला व्हय म्हणत्यात. झटका आला तवापासून बोलणंच गेलं. भाजीत मीठ बरं हाय का? व्हय. खारट झालीया का? तरी व्हय. अख्ख्या संसारात माझ्या एका गोष्टीला व्हय म्हणले नाय, अन् आता नाय म्हणायलाच येईना."

मी त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, याला वाचाघात म्हणतात. मेंदूच्या झटक्यानं भाषेची जागा दुखावली आहे. त्यांना समजतं बरंच, पण हवा तो शब्द तोंडात येत नाही. मनात नाही असलं तरी तोंडून हो निघतं.

काकूंना शेडमधलं काहीच माहीत नव्हतं. त्या भल्या पहाटेपासून पोळपाटाशी. ताडपत्री दिसायची, पण शेजाऱ्याचं सामान असेल म्हणून सोडून दिलं. गाड्या कोणी आणल्या हे एकट्या काकांना माहीत, आणि काकांचा सगळा शब्दसंग्रह म्हणजे एक व्हय.

"साहेब," काकूंनी हळूच विचारलं, "कोर्टात जजसाहेबांनी इचारलं, गुन्हा कबूल हाय का, तर हे काय म्हणतील हो?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. मुद्देमाल त्यांच्या शेडमध्ये सापडला होता, त्यामुळे खरा चोर मिळाला नाही तर या माणसावर कागद रंगवण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं.

दोघांना केबिनमध्ये बसवून चहा मागवला. शिपायानं स्टीलचा ग्लास काकांपुढे ठेवला. "साखर घालू, काका?"

"व्हय," काका म्हणाले, आणि त्याच क्षणी डाव्या हातातली अंगठी ग्लासवर आपटली. टण!

शिपाई साखर घालू लागला. पुन्हा टण! या वेळी इतक्या जोरात की चहा माझ्या फायलीवर.

"साखर बंद हाय त्यांची," काकू म्हणाल्या. "अशीच चिडचिड करत्यात. दिवसभर ताट-वाटी बडवत बसत्यात."

"काकू, हे काय काम करत होते?"

"कंडक्टर व्हते की. पैठण लाइनला."

मी खुर्चीवरून उठलोच. कॉलेजला मी गावाहून बसनंच यायचो. कंडक्टर दोरी ओढायचा. एक घंटी दिली की गाडी थांबायची, दोन दिल्या की निघायची. काकांचं तोंड व्हय म्हणत होतं आणि हात साखर थांबवत होता.

"काका, तुम्ही शिक्षक होता?" "व्हय." टण.

"कंडक्टर होता?" "व्हय." टण टण!

"गाड्या तुम्ही चोरल्या?" "व्हय." टण!

काकूंनी तोंडाला पदर लावला. मग पदर काढून स्वतःचा पहिला प्रश्न टाकला, "परवाची भाजी खारट झाली व्हती?" "व्हय." टण टण! काका आणि काकू एकमेकांकडे बघून हसायला लागले आणि हसता हसता दोघंही रडले. रायटर हवालदारांनी उगाच खिडकी उघडली.

चोर ओळखीचा होता का? टण टण. बजाजनगरचा? टण. वाळूजचा? टण. मग फौजदारानं पैठण रस्त्यावरची गावं ओळीनं घेतली. "नक्षत्रवाडी?" टण टण! "सापडला!" म्हणून त्यानं टोपी उचलली. मी म्हटलं, थांब, पुढचं विचार. "चितेगाव?" टण टण! "साहेब, चोर दोन गावांत कसा राहील?"

"अरे, ते गाडी पुढे काढतायत," मी म्हणालो. "बिडकीन?"

टण! एकच. आणि काका माझ्याकडे असे बघू लागले की आता उतरायचं तर लवकर उतरा.

काकांना जीपमध्ये पुढे बसवलं, हातात तोच ग्लास. नक्षत्रवाडी गेली, टण टण. चितेगाव गेलं, टण टण. आमचा ड्रायव्हर माझं कधी धड ऐकायचा नाही, पण त्या घंटीला तो शाळकरी पोरासारखा ऐकत होता. बिडकीनच्या अलीकडे एका फाट्यावर टण वाजलं आणि त्यानं कचकन ब्रेक मारला. समोर एक गॅरेज होतं.

आतून एक तरुण हात पुसत आला. "काका! तुम्ही इकडं कसं?" म्हणत वाकून पाया पडला. वर बघतो तर मी. चेहरा पांढराफटक. मागं एक मोटारसायकल अर्धी सोललेली उभी होती.

"हाच का?" मी विचारलं.

"व्हय." टण टण!

"पर साहेब, मी शेडमधी चोरून नाय ठेवल्या," तो तरुण म्हणाला. "काकास्नी इचारलं व्हतं. ते व्हय म्हणले!"

फौजदाराला हसू आवरेना, शेवटी बेडी हवालदारानं घातली. मी विचारलं, "काकांना तुझा पत्ता कसा ठाऊक?" तो खाली बघत म्हणाला, "शाळेत असल्यापास्नं त्यांच्याच गाडीनं जायचो. इथं स्टॉप नव्हता, तरी माझ्यासाठी रोज एक घंटी द्यायचे." काकांनी मान फिरवली. त्या क्षणी मला त्या पोराचा इतका राग आला की मी स्वतः त्याला दंडाला धरून जीपमध्ये मागे बसवलं.

काकांवर आमच्या कागदात ठपका राहिला नाही, ते साक्षीदार झाले. आमच्या जीपनं त्यांना घरी पाठवताना मी खिडकीशी वाकलो. "काका, आम्ही तुम्हाला चोर ठरवून आणलं. रागावलात?"

"व्हय," काका म्हणाले. मी डाव्या हाताकडे बघत राहिलो. टण टण!

या वेळी तोंड आणि हात एकमतानं बोलले. मी माफी मागणार होतो, पण दोन टोले ऐकताच ड्रायव्हरनं गिअर टाकला आणि जीप निघून गेली.

खात्यानं मला जबाब घ्यायला शिकवलं. माणूस तोंडानं एक सांगत असताना आणखी कशानं बोलतोय, हे बघायला त्या काकांनी शिकवलं. उरलेल्या नोकरीत त्याचा फार उपयोग झाला. घरात मात्र ते अंगाशी आलं आहे. ही गोष्ट मी सौ.ला सांगायला नको होती. जेवताना ती विचारते, भाजी कशी झालीय. मी म्हणतो, उत्तम. ती माझ्या तोंडाकडे बघतच नाही, बोटांकडे बघते. मी हात ताटाखाली घेतो.